काहीच न देता चालवलं तर

मे महिना अर्धा सरला की आमच्या बिबवेवाडीच्या गल्लीत दोनच विषय उरतात: आंबा कितीला, आणि निकाल कधी. यंदा दुसरा विषय आमच्याच घरी मुक्कामाला आहे. माझी भाची सई बारावीची परीक्षा देऊन आमच्याकडे आली आहे आणि निकालापर्यंतचे दिवस तिला खायला उठले आहेत. परवा कंटाळून तिनं कपाटातली माझ्या आईची जुनी वही काढली आणि साखरआंबा करायचा घाट घातला. मी आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होते. दर दोन मिनिटांनी दार उघडायचं.

"मावशी, इथं 'साखर अंदाजाने' लिहिलंय. म्हणजे किती?"

"अंदाजाने म्हणजे अंदाजाने."

"आणि 'पाक नेहमीसारखा'? मी जन्मात पाक केलेला नाही. माझं 'नेहमी' कुठून आणू?"

मी हसले. आई चाळीस वर्षं साखरआंबा करत होती. तिनं ती वही लिहिली ती ज्याला सगळं आधीच येतं अशा माणसासाठी, म्हणजे स्वतःसाठी. ज्याला येतं त्याला वही लागत नाही, आणि ज्याला लागते त्याला त्या वहीतून काही कळत नाही. सई कैरीचा कीस हातात घेऊन दारात उभी होती आणि मला एकदम खराडीचा तो उन्हाळा आठवला. सोळा-सतरा वर्षं झाली असतील.

खराडी तेव्हा अर्धी काचेची आणि अर्धी धसकटांची होती. एका बाजूला आयटी पार्कच्या इमारती चढत होत्या आणि त्यांच्या कुंपणाला खेटून कापणी झालेली शेतं तापत पडलेली असायची. मी सव्वीस वर्षांची होते. तोंडाला ओढणी गुंडाळून स्कूटीवरून बिबवेवाडीहून यायचे, तेव्हा केसांत सिमेंट आणि डोळ्यांत पाणी असायचं. आमची कंपनी तिसऱ्या मजल्यावर होती. माणसं अकरा, आणि एसी एक, जो गार कमी करायचा आणि बोलायचा जास्त. खाली गुलमोहर इतका फुलला होता की पार्क केलेल्या गाड्या लाल होऊन जायच्या. दर गुरुवारी सकाळी लाइट जायची ती संध्याकाळी यायची, आणि त्याबद्दल कोणी तक्रारसुद्धा करत नसे.

शाळकरी मुलांसाठी गणिताची परीक्षा घेणाऱ्या एका खाजगी संस्थेचं काम आमच्याकडे होतं. गावोगावच्या केंद्रांवरून गुणांचे कागद गठ्ठ्यांनी यायचे. ते टाइप करून फायली बनवायच्या आणि त्या फायलींमधले गुण संगणकातल्या मुख्य यादीत चढवायचे. हे चढवण्याचं काम करणारी स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, मी लिहिली होती, रूबी नावाच्या संगणकभाषेत. नाव ठेवलं होतं 'गुणभरणी'. खिडक्या नाहीत, बटणं नाहीत, काळ्या पडद्यावर नाव टाइप करायचं, पुढे केंद्राचा क्रमांक द्यायचा, एंटर मारायचा. रूबी तेव्हा आमच्याकडे नवीन होती आणि मी तिच्या प्रेमात होते. दुसऱ्या भाषेत जे काम पन्नास ओळींत व्हायचं ते इथं दहा ओळींत व्हायचं, आणि दहाच्या आठ करता आल्या तर मला दिवसभर बरं वाटायचं.

त्या आठ ओळींत मी बरीच हुशारी कोंबली होती. केंद्राचा क्रमांक दिला नाही, तर सगळी केंद्रं धरायची. फाइलचं नाव दिलं नाही, तर ठरलेल्या फोल्डरमध्ये जे असेल ते घ्यायचं. जुने गुण आधी पुसायचे आणि मग नवे भरायचे. भरून झालेली फाइलही पुसून टाकायची, कारण मला नीटनेटकेपणाची हौस. शेवटी पडद्यावर एकच शब्द: 'झालं.' आमच्या शहरात कमी बोलणं हे शहाणपणाचं लक्षण समजतात. दुकानाच्या पाटीपासून नातेवाइकांच्या पत्रापर्यंत जेवढ्यास तेवढं, तेही जमल्यास एक टोमणा मारून. माझा प्रोग्राम अस्सल पुणेरी होता.

हंगामासाठी म्हणून मेश्रामकाका आमच्याकडे आले ते त्याच उन्हाळ्यात. मूळचे नागपूरचे. तिथल्या एका सरकारी कचेरीत उभी हयात खिडकीवर काढून निवृत्त झालेले, आणि आता येरवड्याला मुलाकडे राहायला आलेले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला शाईचं पेन, हातात निळ्या पुठ्ठ्याची डायरी. पहिल्याच दिवशी त्यांनी ऑफिसच्या कोपऱ्यात एक माठ आणून ठेवला. आम्ही उन्हानं हाशहुश करत होतो, तर म्हणाले, "हे काय ऊन आहे? आमच्याकडं याले सावली म्हणतेत."

त्यांचं काम गुणांचे कागद ताडून बघायचं आणि स्क्रिप्ट चालवायचं. चहाच्या वेळी एकदा मी विचारलं होतं, "काका, घरी आराम करायचा सोडून हे कशाला?"

"घरी सून म्हणते बसा, मुलगा म्हणतो बसा, टीव्ही म्हणतो बसा. दिवसभर बसून माणूस लवकर म्हातारा होते, मॅडम. डबा घेऊन निघालो की नात गेटपर्यंत येते, म्हणते आजोबा ऑफिसले चालले. मले निकाल लागेपर्यंत राहू द्या, मग पाहू."

मी त्यांच्या मुलापेक्षाही लहान असेन, तरी ते मला मॅडमच म्हणायचे. आमचे सर, म्हणजे कंपनीचे मालक, त्यांना नुसतं मेश्राम म्हणायचे.

पहिल्या आठवड्यात काकांनी मला विचारलं, "मॅडम, या प्रोग्रामले काय काय द्यावं लागते, ते कुठं लिहून आहे?"

"कोडमध्येच आहे की सगळं. वाचलं की कळतं."

"पण कोड वाचणारं माणूस तर इथं तुम्हीच आहे नं."

मला तेव्हा ते बोलणं लागलं नाही, कारण मला घाई होती. मी म्हटलं, "हे बघा काका, सोपं सांगते. काही आठवलं नाही, तर नुसतं प्रोग्रामचं नाव टाइप करायचं आणि एंटर मारायचा. पुढे काही द्यायचं नाही. प्रोग्राम आपणच सांगतो त्याला काय हवंय ते." आमच्या धंद्यातली ही सगळ्यांची सवय आहे, आणि ती चुकीची नाही. नीट लिहिलेल्या प्रोग्रामला काहीच न देता हाक मारली, तर तो स्वतःची ओळख करून देतो आणि थांबतो. ऑफिसातल्या बाकीच्या सगळ्या स्क्रिप्ट तशाच होत्या. तशी नव्हती ती फक्त माझी, आणि बोलताना ते माझ्या ध्यानातही आलं नाही. काकांनी पेनचं टोपण काढलं आणि ते वाक्य डायरीत उतरवून घेतलं.

पुढच्या बुधवारी दुपारी ते माझ्या खुर्चीपाशी आले. "मॅडम, मले फाइल कशी द्यायची ते आठवलं नाही, म्हणून मी नुसतं नाव टाकलं. हे 'झालं' म्हणून राहिलं. काय झालं?"

मी उठून त्यांच्या पडद्यावर पाहिलं. त्या दिवशीच्या फायली अजून फोल्डरमध्ये यायच्या होत्या. माझ्या हुशार स्क्रिप्टनं सगळी केंद्रं धरली होती, सगळे जुने गुण पुसले होते, आणि रिकाम्या फोल्डरमधून काहीच भरलं नव्हतं. शेवटचा बॅकअप पाच दिवसांपूर्वीचा. त्यानंतरच्या फायली भरून पुसल्या गेलेल्या. म्हणजे पाच दिवसांचं काम परत कागदावरून टाइप करायचं, आणि निकालाची तारीख तर संस्थेनं जाहीर करून टाकलेली.

सरांनी सगळ्यांसमोरच विचारलं. आवाज चढवायची त्यांना गरज पडत नसे. "मेश्राम, आपण आधी बटण दाबता आणि मग विचारता, असं दिसतंय. असं नुसतं नाव टाकून चालवायला आपल्याला सांगितलं कोणी?"

काकांच्या हातात डायरी होती. त्यांनी ती उघडली. मी शेजारीच उभी होते आणि मला ते पान दिसलं: तारीख, पुढे माझं नाव, आणि खाली माझं वाक्य, स्वच्छ वळणदार अक्षरात. त्यांनी ते पान पाहिलं, डायरी मिटली आणि म्हणाले, "मीच चालवलं, सर."

मी बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण जूनमध्ये माझं प्रमोशन ठरत होतं, आणि सगळे बघत होते. हे सगळं मी स्वतःला नंतर सांगितलं. त्या क्षणी मी फक्त गप्प राहिले.

"ठीक आहे," सर म्हणाले. "शनिवारपर्यंत गेलेलं काम भरून द्या. पुढे यायची तसदी घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे लाइट नाही. टाइप करायला घाई होती आणि संगणक बंद. मी आणि काका जिन्यातल्या वाऱ्याला गठ्ठे घेऊन बसलो, निदान कागद लावून ठेवावेत म्हणून. खालून डांबर तापल्याचा वास येत होता. काकांनी माठातलं पाणी दोन पेल्यांत आणलं. ते माझ्याशी नेहमीसारखंच बोलत होते आणि मला तेच सहन होत नव्हतं.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "मॅडम, लाइट येईपर्यंत त्या प्रोग्रामले बोलायले शिकवा नं. माझ्यानंतर कोणी तरी बसंनच त्या खुर्चीवर."

मी गठ्ठ्याचा खाकी कागद उलटा केला आणि त्यावर लिहिलं, जसं आमच्यात लिहितात तसं: वापर, गुणभरणी, मग चौकोनी कंसात पर्याय, मग केंद्र, मग फाइल. काकांनी चष्मा वर केला.

"हे कंस काऊन?"

"कंसातलं दिलं नाही तरी चालतं, असा त्याचा अर्थ."

"हे कुठं लिहून आहे?"

"लिहीत नाहीत. माहीत असतं सगळ्यांना."

"मले नव्हतं. दुसऱ्या एका प्रोग्रामात असेच कंस होते, तर मी दोन दिवस कंससुद्धा टाइप करून राहिलो होतो." ते स्वतःच हसले. मलाही हसू आलं, आणि आल्याची लाज वाटली.

मग त्यांनी त्यांच्या खिडकीची गोष्ट सांगितली. उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज त्या खिडकीवर यायचे. वर पाटी होती, 'अपूर्ण अर्ज स्वीकारले जाणार नाहीत.' लांबच्या गावांहून लोक एसटीनं यायचे, पाटी वाचायचे, अर्जाकडे बघत उभे राहायचे आणि एखादा रकाना चुकला की परत जायचे. काकांनी एक दिवस स्वतःच एक अर्ज पूर्ण भरला. खोटं नाव, खोटं गाव, पण प्रत्येक रकाना जसा भरायला हवा तसा. तो पुठ्ठ्यावर चिकटवला आणि सुतळीनं खिडकीच्या गजाला टांगला. वर लिहिलं 'नमुना', आणि अगदी खाली 'समजलं नाही तर विचारा: मेश्राम, खिडकी चार'.

"त्या दिवसापासून परत जाणारे लोक कमी झाले. सूचना वाचून माणूस घाबरते, मॅडम. नमुना पाहून लिहिते."

मी खाकी कागद पुन्हा उलटा केला. त्या दुपारी आम्ही जे लिहिलं ते आठ ओळींपेक्षा बरंच लांब झालं. पहिल्या वाक्यात हा प्रोग्राम काय करतो ते. मग तो काय पुसतो ते, स्पष्ट शब्दांत, कारण काका म्हणाले, "जे वाईट होऊ शकते ते आधी सांगा, गोड मागून." मग काय काय द्यायचं, ते एकेका ओळीत. कंस नाहीत. आणि मग नमुना, पूर्ण भरलेला:

ruby gunbharani.rb --kendra 14 --file kendra14.txt --operator meshram

ऑपरेटरच्या, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्याच्या, जागी काय लिहू, असं मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "खोटं नाव शोधत कुठं बसता? माझंच टाका." आणि मग थोडं थांबून, "शेवटी एक ओळ टाका. काहीच न देता चालवलं, तर फक्त ही माहिती दिसेल. दुसरं काहीही होणार नाही. घाबरू नका."

ती ओळ लिहिताना कागदावरचं मला नीट दिसेना. मी पेल्यातलं पाणी प्यायले. काका गठ्ठ्याची सुतळी सोडत होते, त्यांनी वर पाहिलं नाही.

शुक्रवारी सकाळी मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं. तसं चालवायला मीच सांगितलं होतं, आणि स्क्रिप्ट न विचारता पुसून टाकते हेही माझंच. सरांनी ऐकून घेतलं. "बरं झालं सांगितलंत. मग ते दुरुस्त करून टाका. मेश्रामांना आता शनिवारचं सांगून झालंय, शब्द काय सारखा फिरवायचा." माझ्या प्रमोशनला काही झालं नाही. झालं असतं, तर बरं वाटलं असतं असं आता वाटतं, पण आता वाटायला काय जातं.

रूबीत एक सोय आहे. फाइलच्या तळाशी 'एंड' हा शब्द ठरलेल्या पद्धतीनं लिहिला की रूबी तिथं थांबते. त्याखाली जे असेल ते ती चालवत नाही, पण प्रोग्रामला तेवढा मजकूर वाचून दाखवता येतो. खाकी कागदावरचं सगळं मी शुक्रवारी तिथं उतरवलं, रोमन अक्षरांतल्या मराठीत, कारण त्या काळ्या पडद्यावर देवनागरी धड दिसत नसे. वर दोन ओळी घातल्या: काहीच दिलं नसेल, तर खालचं दाखव आणि थांब. सगळी केंद्रं धरायची हुशारी काढून टाकली. फाइल पुसायची हौसही. सर्वांत खाली लिहिलं, 'समजलं नाही तर विचारा', आणि पुढे माझं नाव, दुसरी खुर्ची, माझा मोबाइल नंबर.

शनिवारी दुपारपर्यंत आम्ही दोघांनी शेवटचा गठ्ठा टाइप करून संपवला. मी काकांना म्हटलं, आता नुसतं नाव टाकून एंटर मारून बघा. त्यांनी मारला. माहिती आली. त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत, ओठ हलवत वाचली. वाचून झाल्यावर म्हणाले, "झालं."

जिन्यापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. "काका, मी सरांना सांगितलं. उशिरा सांगितलं."

"कळलं मले. दोन दिवस लागले नं तुम्हाले? आमच्या कचेरीत लोकं जन्मभर सांगत नव्हते." मग डब्याची पिशवी सावरत म्हणाले, "माठ राहू द्या इथंच. रोज पाणी बदलत जा फक्त."

निकाल ठरल्या तारखेला लागला. ते पुढे नागपूरला परत गेले. दोन-तीन दिवाळ्यांना फोन झाला, मग राहिला, आणि तो माझ्याकडूनच राहिला. त्यांच्या नातीला त्या शनिवारी आजोबांनी काय सांगितलं असेल, हे मी त्यांना कधी विचारू शकले नाही.

सई आता ओट्याशी उभी राहून स्वतःची वही लिहिते आहे. दोन वाट्या कीस, दीड वाटी साखर. पाक बोटाला चिकटून तार आली की गॅस बंद. पहिला घाणा खडीसाखर झाला होता, तेही तिनं लिहून ठेवलंय: 'जास्त आटवलं तर असं होतं.' मी वाचून म्हटलं, शाबास.

काल दुपारी फोन आला. नंबर अनोळखी.

"मॅडम, मी शीतल बोलतेय. तुम्ही मला ओळखत नाही." तिनं माझ्या जुन्या कंपनीचं नाव सांगितलं. मूल लहान म्हणून पाच वर्षं घरी होती, आता परत नोकरीला लागली आहे, आणि पहिल्याच आठवड्यात निकालाचं काम तिच्यावर येऊन पडलं आहे. "इथं एक फार जुनी स्क्रिप्ट आहे, गुणभरणी. माहिती असलेलं कोणीच राहिलेलं नाही. मी घाबरत घाबरत नुसतं नाव टाकून एंटर मारला."

"मग?"

"काही नाही, काहीच झालं नाही. सगळं लिहिलेलं आलं. 'घाबरू नका' हे वाचून मला इतकं हसू आलं ना, मॅडम, बरं वाटलं एकदम. खाली तुमचा नंबर होता म्हणून केला फोन. ही दुसरी खुर्ची म्हणजे कुठली हो?"

"ती आता नसेल," मी म्हटलं. तिच्या दोन-तीन शंका होत्या, त्या सोडवल्या.

फोन ठेवण्याआधी ती म्हणाली, "मॅडम, मी ती माहिती जरा अपडेट करतेय. उदाहरणात ऑपरेटरचं नाव मेश्राम आहे. आमच्याकडे त्या नावाचं कोणी नाही. तिथं माझं टाकू का?"

ओट्याशी सई बरणीचं झाकण लावत होती. एकदा, सगळ्यांसमोर, माझं नाव यायचं होतं तिथं त्या माणसानं स्वतःचं नाव दिलं होतं.

"तुमचं खाली टाका, शीतल," मी म्हटलं. "माझं काढून, त्या जागी. वरचं नाव तसंच राहू द्या."